निर्मनुष्य बेटाची नोंद

आमच्या माहेरी भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी उठून भांडी घासायला जायचे. भीती वाटायची म्हणून नाही, कंटाळा यायचा म्हणून. सगळ्या गोष्टी सारख्याच... कुणाच्या तरी मामाने कुणाच्या तरी विहिरीवर पाहिलेलं. पुढे मी शाळेत शिक्षिका झाले, भूगोल शिकवायला लागले. ज्याला अक्षांश-रेखांश नाहीत ते माझ्या लेखी नव्हतंच. एवढं आधी सांगते, कारण आता जे लिहिणार आहे ते दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी आजही उठून गेले असते.

साल १९८६. आम्ही मुलुंड पूर्वेला राहायचो. तिसरा मजला, दोन खोल्या. मागच्या खिडकीतून मिठागरं दिसायची. उन्हाळ्यात तिथे मिठाचे पांढरे ढीग लागायचे, दुपारी त्यांच्याकडे बघवत नसे. घरात माणसं दोनच – मी आणि माझ्या सासूबाई. मी त्यांना आई म्हणायचे. मूळच्या वेंगुर्ल्याकडच्या, लग्न होऊन मुंबईत आलेल्या. सासरे गिरणीत होते, ते माझ्या लग्नाआधीच गेले. आई चाळीस वर्षं मुंबईत राहिल्या, इथलंच बोलायच्या, पण मनातलं काही निघालं की मालवणी यायची. लिहितावाचता येत नव्हतं. बोलणं मात्र एकदम रोखठोक.

माझा नवरा विलास बोटीवर होता. इंजिनात तेलपाण्याचं काम. परदेशी कंपनीची मालवाहू बोट, नॉर्वेच्या वरून रशियाच्या एका बंदरात लाकूड आणायला चालली होती. ब्याऐंशीच्या श्रावणात तार आली. सकाळच्या पाळीला विलास आलाच नाही, सगळी बोट शोधली, सापडला नाही. मागून एजंटचं पत्र आलं. त्यात शेवटचा दिसला ती वेळ होती आणि त्या वेळेला बोट कुठे होती त्याचे अक्षांश-रेखांश.

मी ॲटलास काढला, पेन्सिलीने खूण केली. आई बाजूला उभ्या होत्या.

“थंय जमीन आसा?” त्यांनी विचारलं.

“एक बेट आहे. लांब आहे पण.”

“माणसां?”

“नाहीत. कोणीच राहत नाही तिथे.”

“पण जमीन आसा,” असं म्हणून त्या आत गेल्या.

नकाशावर खूण आणि बेट यांच्यात माझ्या करंगळीच्या नखाएवढं अंतर होतं. प्रत्यक्षात किती ते मी मोजलं होतं, आणि त्या पाण्यात माणूस किती मिनिटं टिकतो तेही वाचलं होतं. आईंना सांगितलं नाही. विलास पट्टीचा पोहणारा होता, खाडीत वाढलेला, आणि आईंनी तेवढंच धरून ठेवलं.

पुढची चार वर्षं कशी गेली ते मला नीट सांगता येणार नाही. वाईट गेली असंही म्हणता येत नाही. गेली. आम्ही रडलो नाही. सकाळी उठायचं, पाणी भरायचं, मी शाळेत जायचं, आई तांदूळ निवडायच्या. रोज मी निघताना त्या माझ्या कपाळाकडे बघायच्या. कुंकू पुसट असलं तर म्हणायच्या, “नीट लाव.” संक्रांतीला शेजारणी हळदीकुंकवाचं बोलवायला दारापर्यंत यायच्या आणि मग त्यांनाच कळायचं नाही, बोलवावं की नाही. माझ्या भावाने एकदा विषय काढला – देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून संस्कार करतात, तसं करून टाकावं. आईंनी त्याच्यासमोरचा चहाचा कप उचलून मोरीत ओतला. त्यानंतर कुणी विषय काढला नाही, मीही नाही. मी सवाष्ण होते की विधवा हे मला माहीत नव्हतं आणि खरं सांगायचं तर त्याचं काही वाटायचंही बंद झालं होतं. पायाला मुंग्या येऊन येऊन शेवटी पायच आपला वाटत नाही, तसं.

त्या काळात मी एका मराठी कोशासाठी नोंदी लिहायचे. कोशाचे एक संपादक अंधेरीला राहायचे, निवृत्त प्राध्यापक, आम्ही त्यांना सर म्हणायचो. ते इंग्रजी पुस्तकं आणि टिपणं द्यायचे, त्यावरून भूगोलाच्या छोट्या नोंदी करायच्या. शहाऐंशीच्या मार्चमध्ये त्यांनी नवीन यादी दाखवली. त्यात ते बेट होतं.

मी म्हटलं, “ही मी करते.”

सर म्हणाले, “अहो, त्यात काही नाही. बर्फ आणि दगड. दीड कॉलमची नोंद. कुणीही करेल.”

“मीच करते,” मी म्हटलं. त्यांना माझं काही माहीत नव्हतं.

बेटाचं नाव मी इथे मुद्दाम देत नाही. नोंद छापून आलेली आहे, ज्याला शोधायची त्याला सापडेल.

एप्रिलच्या मध्यावर शाळेला सुट्टी लागली. दुपारी जेवणं आटपली की मी फुलस्केप कागद घेऊन बसायचे. आई खिडकीजवळच्या खाटेवर. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं काय लिहितेस, आणि मी सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, “मोठ्यान वाच.”

मी वाचायला लागले. बेट कसं आहे – मध्ये बर्फाची टोपी, उपड्या परातीसारखी. उत्तरेला तो बर्फ सरळ समुद्रात उतरतो, कडाच आहे, होडी लागत नाही. उघडी जमीन फक्त दक्षिणेच्या बाजूला, तीही सगळी दगडगोट्यांची. झाड एकही नाही. शेवाळ आणि दगडफूल.

“दगडफूल?” आई उठून बसल्या. “मसाल्यात घालतत ता?”

“त्याच जातीतलं.”

त्या पुन्हा आडव्या झाल्या. “वाच.”

मग हे रोजचंच झालं. मी जेवढं लिहायचे तेवढं वाचून दाखवायचे, आणि आई प्रश्न विचारायच्या. वारो खंयसून येता? गोडं पाणी कुठे मिळतं? एकही झाड नाही तर चूल कशावर पेटवतात? मला उत्तरं शोधावी लागायची. कळलं की तिथे किनाऱ्यावर लाकडाचे ओंडके पडलेले असतात, रशियातल्या नद्यांमधून वाहत आलेले. ते मी वाचलं तेव्हा आईंनी मान हलवली, जसं काही एक काळजी मिटली. उन्हाळ्यात चार महिने सूर्य मावळत नाही, हिवाळ्यात चार महिने उगवत नाही, हे त्यांनी तीनदा वाचायला लावलं.

इतिहासही होता. पहिल्यांदा व्हेल मारणाऱ्यांनी ते लांबून पाहिलं आणि नकाशात चुकीच्या जागी दाखवलं. पुढे कितीतरी वर्षं जहाजं त्या जागी जायची आणि तिथे नुसतं पाणी असायचं, म्हणून बेटच नाही असं ठरलं. मग ते पुन्हा सापडलं. वॉलरसचे शिकारी यायचे. एका तुकडीला बर्फाने अडकवलं, हिवाळा तिथेच काढावा लागला, काही जण मेले. पुढे महायुद्धात हवामानाची नोंद ठेवायला दोन-चार माणसं ठेवली होती, युद्ध संपल्यावर तीही काढून घेतली.

खरं सांगते, त्या दुपारी मला बऱ्या वाटायच्या. चार वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघी कशाबद्दल तरी बोलत होतो.

मेच्या पहिल्या आठवड्यात आईंनी दुपारी पंखा बंद करायला सांगितलं. मग शाल मागितली. मुलुंडला मे महिन्यात शाल! मी कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. उलट हात गार लागला. म्हटलं वय झालं, अशक्तपणा असेल.

त्याच सुमारास एक दिवस मी वाचत होते – “दक्षिण किनाऱ्यावर शिकाऱ्यांच्या एका झोपडीचे अवशेष आहेत.” आईंचे डोळे मिटलेले होते.

“झोपडी नाय ती,” त्या म्हणाल्या. “होडी आसा.”

“कसली होडी?”

“दगड रचून कमरेइतकी भिंत केल्यानी, आणि वर होडी उलटी घातल्यानी. छपरासारखी. आत माणसं रवत होती. समुद्राकडची बाजू मोडली आसा.”

मी म्हटलं, “आई, पुस्तकात झोपडी लिहिलंय.”

“पुस्तकवालो लांबसून बघून गेलो असतलो. तू होडी लिही.”

मी हसले. त्यांच्या समाधानासाठी मार्जिनमध्ये लिहिलं. कोकणातल्या बाईला होडीच दिसणार, असं मला वाटलं. पण मी कच्चं लिखाण सरांकडे पाठवलं तेव्हा ते मार्जिनमधलं खोडायचं राहून गेलं. त्यांचं कार्ड आलं – ‘उलट्या होडीचा आधार कोणता? माझ्या कुठल्याच साधनात नाही.’ मी ओळ काढली आणि चूक झाली म्हणून कळवलं.

आता तो दिवस. मेचा शेवटचा आठवडा, वार बुधवार. नोंद पूर्ण झाली होती. जेवून आम्ही अडीचच्या सुमारास बसलो. दाराला आतून कडी होती, ती मीच लावली होती. आई खाटेवर आडव्या, पावलं खिडकीकडे, अंगावर शाल.

“आज सगळा वाच,” त्या म्हणाल्या. “पयल्यापासून. मदी थांबू नको.”

मी वाचलं. सावकाश वाचलं, अर्धा तास लागला असेल. शेवटचं वाक्य होतं – ‘सध्या या बेटावर मनुष्यवस्ती नाही.’ मी वर पाहिलं तर आईंना झोप लागली होती. श्वास चालू होता, हळू. मी उठले नाही. तिथेच, त्यांच्यापासून चार हातांवर बसून नोंदीची पक्की प्रत करत राहिले. हे पुन्हा सांगते, कारण नंतर मला सगळ्यांनी हेच विचारलं. मी खोलीतून बाहेर गेले नाही. त्या खाटेवरून उठल्या नाहीत. बाहेर इतकं ऊन होतं की मिठागराकडची खिडकी मी अर्धी लोटून घेतली होती.

साडेचारला त्यांनी डोळे उघडले.

“चाय कर,” त्या म्हणाल्या. आवाज बसला होता.

उठायला गेल्या आणि पाय टेकताच खाली बसल्या. मी धावले. शाल बाजूला केली. दोन्ही पावलं पांढरी होती... गोरी नव्हेत, मेणासारखी पांढरी. बोटं कडक. मी अंगठा दाबून पाहिला तर तो दबेना. लाकडावर बोट टेकवावं तसं. आणि इतकी गार की माझा हात मागे आला.

“दुखतंय?”

“नाय. काय लागत नाय.”

आमच्याच रस्त्यावर एका डॉक्टरांचा दवाखाना होता. सैन्यातून निवृत्त झालेले, लोक त्यांना कर्नल डॉक्टर म्हणायचे. दवाखान्याच्या वरच राहायचे. मी त्यांना झोपेतून उठवून आणलं. त्यांनी पावलं पाहिली, टाचणी टोचली, पुन्हा पाहिली.

मग मला विचारलं, “या बर्फाच्या कारखान्यात काम करतात?”

“नाही हो. घरीच असतात.”

“कोल्ड स्टोरेज? मासळीच्या बर्फात वगैरे उभ्या होत्या?”

“दुपारपासून या खाटेवर आहेत, डॉक्टर. मी इथेच आहे.”

“मिठागरात गेल्या होत्या?” मी खिडकीकडे पाहिलं. ते स्वतःच म्हणाले, “नाही, मिठाने असं होत नाही.” मग हळू आवाजात, “मी तीन वर्षं लेहला होतो. असा हिमदंश मी शेकड्याने पाहिलाय. पण मुलुंडला...”

त्यांनी घमेल्यात कोमट पाणी करायला सांगितलं. स्वतः कोपर बुडवून बघितलं, आणि आईंची पावलं त्यात सोडली. “चोळायचं नाही,” मला म्हणाले. “आणि आता त्यांना दुखेल. फार दुखेल. घाबरू नका.”

दहा-पंधरा मिनिटं काही झालं नाही. मग पावलांवर लाल डाग उठायला लागले, आणि आईंच्या तोंडून आवाज निघाला. मी तो कधी ऐकला नव्हता. विलासची तार आली त्या दिवशीही नाही. त्या माझा दंड धरून रडायला लागल्या, मोठ्याने, तोंड उघडं टाकून. डॉक्टर म्हणत होते, चांगलं आहे, संवेदना येतेय. आई रडता रडता माझ्याकडे बघून म्हणाल्या –

“तो थंय नाय गो. सगळा फिरान इलंय. त्या टोकापासून ह्या टोकापर्यंत. होडीच्या आत वाकान बघलंय. खंयच नाय.”

डॉक्टरांना वाटलं वेदनेने बडबडतायत. मी घमेल्यात गरम पाणी ओतत राहिले.

पुढच्या दिवसांत पावलांवर फोड आले. मग डाव्या पायाची शेवटची दोन बोटं काळी पडली, वाळली, आणि पावसाळा संपेपर्यंत गळून गेली. मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे सगळ्यांनी साखर असणार म्हणून सांगितलं. रक्त तपासलं, लघवी तपासली – साखर नव्हती. रक्तवाहिन्या त्या वयाला ठीक होत्या. कर्नल डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘गँगरीन, कारण अज्ञात’ लिहिलं. मी विचारलं, तुम्ही त्या दिवशी वेगळं म्हणाला होतात ना? ते म्हणाले, “म्हणालो होतो. कागदावर लिहिलं तर माझी पदवी काढून घेतील, बाई.”

पाय बांधलेला असतानाच, जूनमध्ये, एका सकाळी आई म्हणाल्या, “भटजींक सांग. विलासचा काय ता करून टाकूया.”

भटजी म्हणाले बारा वर्षं व्हायला हवीत. आई त्यांना म्हणाल्या, “आवस मी त्याची. माका म्हायती आसा तो नाय म्हणान. तुम्ही मंत्र बोला.” भटजींनी वाद घातला नाही. दर्भाचा पुतळा केला, माझ्या भावाने अग्नी दिला. घरी आल्यावर मी आरशासमोर उभी राहिले, काय करायचं ते कळेना. आई मागून म्हणाल्या, “आता तुझा तू ठरव. मी बघूचंय नाय.” आणि त्यानंतर त्यांनी खरंच माझ्या कपाळाकडे कधी पाहिलं नाही.

तीन वर्षांनी मी दुसरं लग्न केलं. आमच्या शाळेतलेच शिक्षक. आईंनीच ते ठरवलं म्हटलं तरी चालेल. आम्ही बोरिवलीला राहायला गेलो तेव्हा त्या आमच्याबरोबर आल्या, आणि शेवटपर्यंत आमच्याकडेच होत्या. लोक त्यांना माझी आई समजायचे.

एक राहिलं. शहाऐंशीच्याच दिवाळीनंतर मी काही कागद द्यायला अंधेरीला गेले तेव्हा सरांनी एक परदेशी भूगोलाचं नियतकालिक समोर ठेवलं. “तुमची ती होडी,” म्हणाले. त्या उन्हाळ्यात एक सर्वेक्षण तुकडी बेटावर उतरली होती. बर्फ नेहमीपेक्षा जास्त वितळला होता. दक्षिण किनाऱ्यावर, पूर्वी ज्याला झोपडी समजत होते, ती कमरेइतकी दगडी भिंत निघाली आणि तिच्यावर उपडी घातलेली होडी. फोटोही होता. समुद्राकडची बाजू मोडलेली. तुकडी उतरली जुलैत. आईंनी मला सांगितलं मेमध्ये.

“तुम्हाला आधी कुठून कळलं?” सरांनी विचारलं.

मी म्हटलं, “ऐकलं होतं.” त्यांनी ती ओळ परत घातली, आणि आधार म्हणून त्या नियतकालिकाचं नाव दिलं.

हे आईंशी मी एकदाच बोलले, बोरिवलीला. त्या गॅलरीत बसून चवळीच्या शेंगा मोडत होत्या. मी विचारलं, “आई, तुम्ही तिथे गेलात कशा?”

“तू वाचत गेलंस, मी चालत गेलंय,” त्या म्हणाल्या. शेंग मोडणं थांबलं नाही.

“आणि परत?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी काहीतरी अगदी बावळट विचारलं होतं.

“तो थंय नव्हतो. तू हंय होतंस.”

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. मला शिकलेल्या लोकांनी बरीच सांगितली – मनाचा शरीरावर परिणाम, कुठलातरी दुर्मिळ आजार, योगायोग. होडीचं मात्र कुणाला जमलं नाही. आई गेल्यावर मी ती नोंद कितीतरी वेळा काढून वाचलीय, घरी कुणी नसताना, मोठ्याने, मध्ये न थांबता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दीड कॉलम आहे, फार वेळ लागत नाही. मला काही दिसत नाही, गार वाटत नाही. मी त्याची बायको होते, आणि मला तिथे जाता आलं नाही.